संकेतस्थळाची साक्ष

संदर्भ शोधण्यासाठी पूर्वी ग्रंथालयाचे उंबरठे झिजवावे लागत. आज घरबसल्या संकेतस्थळांवर हवी ती माहिती मिळते. सोय झाली खरी. तथापि माहिती पारखण्याचे काम आता पूर्णपणे आपल्याच शिरावर आले आहे. ते कसे करावे, हे सोलापूरच्याच एका उदाहरणावरून पाहू.

मे १९३० मध्ये सोलापूर काही दिवस ‘स्वतंत्र’ होते, असे अनेक संकेतस्थळे सांगतात. कोणी तीन दिवस म्हणते, कोणी चार. येथे बहुमत मोजण्याचा मोह आवरला पाहिजे. एकच वाक्य दहा ठिकाणी जसेच्या तसे आढळले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाच आवाजाचे ते दहा प्रतिध्वनी होत. म्हणून पहिला प्रश्न असा : हे प्रथम कोणी, केव्हा व कशाच्या आधारे लिहिले? लेखक, तारीख, आधार यांपैकी काहीच नसेल, तर तो मजकूर सुगावा मानावा, पुरावा नव्हे.

दुसरे, मोजणी कोठून केली ते पाहावे. गोळीबार ८ मे रोजी झाला व लष्करी कायदा १२ मे रोजी पुकारला गेला. मधले दिवस तीन भरतात. एका टोकाचा दिवस धरला, की चार होतात. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा नेमका अर्थ तपासणे तर याहून महत्त्वाचे.

तिसरे, शासकीय संकेतस्थळही अखेरचा शब्द नव्हे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर खंड १८८४ चा आहे. पडद्यावर दिसतो म्हणून तो आजचा होत नाही. लष्करी कायद्याची तारीख सरकारी कागदावरून खुशाल घ्यावी. परंतु लोक का उसळले, हे सांगताना सरकारलाही आपली बाजू सावरायची होती, हे विसरू नये. चळवळीच्या बाजूच्या लेखनालाही हीच कसोटी लावावी.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. तो आरोप कितपत खरा होता, हे लिहिणाऱ्याने पडद्यावरच्या पहिल्याच ओळीवर विसंबून चालेल काय? चार हुतात्म्यांच्या गावातील विद्यार्थ्यांनी तरी एवढी चिकाटी दाखवावी.