लियाकत कशाला म्हणावी?

कारागीर व व्यापारी बंधूंनो, बीडची चामड्याची छागल एकेकाळी नावाजलेली होती. शिवणाऱ्याची लियाकत टाक्यात, भरलेली छागल गळता कामा नये. विकणाऱ्याची लियाकत उधारी-वसुलीत. टाका पक्का म्हणून वहीही पक्की, असे नसते.

कुरआन शरीफच्या सूरह कससमध्ये मदयनची मुलगी वडिलांकडे हजरत मूसा (अ.) यांची शिफारस करते, ती ताकद व अमानतदारी पाहून. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) मिसरच्या खजिन्याची जबाबदारी मागताना राखण व जाणकारी सांगतात. काम बदलले तसा गुण बदलला. भरवसा दोन्हीकडे लागलाच.

आपण मात्र थोरला एवढ्यावरच मुलाला गल्ल्यावर बसवतो! किल्ली देण्यापूर्वी महिनाभर दोघा भावांकडून रोजची वही लिहवून घ्यावी, आणि उधारी कोणाची वसूल होते तेही पाहावे.