विद्यापीठाच्या कार्यशाळेतून अंतराळात

अंतराळयान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी संशोधनसंस्था, अफाट खर्च आणि नामांकित शास्त्रज्ञ उभे राहतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचा त्या कामाशी काही संबंध असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. अंतराळसंशोधनाच्या आरंभापासून प्राध्यापक व विद्यार्थी या कामात स्वतःच्या हाताने राबत आलेले आहेत. ते कसे, आणि त्यापासून आपण पालकांनी व शिक्षकांनी काय घ्यावे, याचा थोडक्यात विचार येथे करू.

शून्याचा अर्थ

अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्सप्लोरर–१’ १९५८ च्या जानेवारीअखेरीस आकाशात गेला. विश्वकिरण मोजण्याचे त्यातील उपकरण आयोवा विद्यापीठातील प्रा. जेम्स व्हॅन ॲलन यांच्या विभागात तयार झाले होते. त्याच्या विद्युत्-जुळणीचे काम जॉर्ज लडविग या विद्यार्थ्याने केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘एक्सप्लोरर–३’ गेला. त्यात लडविगनेच बनविलेला चिमुकला टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे संपूर्ण प्रदक्षिणेची नोंद हाती येऊ लागली.

ती नोंद पाहून सारे चकित झाले. उपग्रह जसजसा उंच जाई तसतशी किरणांची संख्या वाढे, आणि मग एकाएकी शून्यावर येई. उपकरण बिघडले म्हणावे, तर खाली येताच ते पुन्हा नीट चाले. तेव्हा कार्ल मॅकइलवेन या दुसऱ्या विद्यार्थ्याने तशीच नळी प्रयोगशाळेत प्रखर क्ष-किरणांपुढे धरली. किरणांचा मारा फार झाला की नळी मोजणेच सोडून देते, असे त्याला आढळले. म्हणजे ते शून्य अभावाचे नव्हते, अतिरेकाचे होते! पृथ्वीभोवती भारित कणांचे पट्टे आहेत, हा मोठा शोध यातूनच लागला. ते पट्टे आज व्हॅन ॲलन यांच्याच नावाने ओळखले जातात.

उत्तर आले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. ही गोष्ट फळ्यावर लिहून शिकविता येते. पण ज्याने नळी स्वतः जोडली आहे, त्यालाच तिच्याविषयी अशी शंका घेण्याचा अधिकार व धैर्य लाभते.

दहा सेंटिमीटरचा घन

पुढे उपग्रह मोठे व महाग होत गेले. एका उपग्रहाला दहा-दहा वर्षे लागली, तर विद्यार्थ्याने शिकावे केव्हा? यावर १९९९ साली कॅलिफोर्नियातील प्रा. जोर्डी पुइग-सुआरी व प्रा. बॉब ट्विग्ज यांनी तोड काढली. त्यांनी उपग्रहाचे एक ठराविक माप ठरवून दिले : प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटर, वजन सुमारे एक किलो. मापे सर्वत्र एकच असल्याने असे उपग्रह एका साच्याच्या पेटीत बसवून, दुसऱ्या मोठ्या उपग्रहाबरोबर, उरलेल्या जागेत पाठविता येतात. एस.टी.त सामानाबरोबर टपालाची पिशवी जावी, तसाच हा प्रकार.

आपल्या देशात चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा सुमारे चाळीस किलोंचा ‘अनुसॅट’ २००९ साली गेला. २०१० च्या जुलैमध्ये कर्नाटक व हैदराबाद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेला ‘स्टुडसॅट’ गेला. त्याचे वजन एक किलोहूनही कमी होते. २०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पवईच्या आय.आय.टी.चा ‘प्रथम’ आकाशात गेला. ‘स्वयम्’मध्ये दिशा राखण्यासाठी विजेऐवजी लोहचुंबक वापरला होता. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून राहते, तसा तो उपग्रह राहावा, ही कल्पना. शाळेत सातवी-आठवीला शिकविलेला धडा येथे प्रत्यक्ष उपयोगास आला.

खरी कसोटी

या कामातील कठीण भाग कोणता? गणित कठीण आहेच. परंतु त्याहून कठीण म्हणजे शिस्त. वर गेलेली वस्तू पुन्हा दुरुस्तीस हाती येत नाही. म्हणून प्रक्षेपणाचे हादरे, निर्वात पोकळी, कडक ऊन व कडक थंडी यांची परीक्षा जमिनीवरच घ्यावी लागते. एक कच्चा डाग राहिला, तर सर्वांचे श्रम वाया.

दुसरी अडचण मनुष्यस्वभावाची. ‘प्रथम’चे काम २००७ साली सुरू झाले व उपग्रह २०१६ साली गेला. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. अशा वेळी प्रत्येक तुकडीने आपण काय केले, का केले व काय फसले, हे पुढच्यांसाठी स्वच्छ लिहून ठेवावे लागते. हा वारसा टिकविणे, हेच प्राध्यापकाचे मुख्य काम. विद्यार्थी येतात आणि जातात, गुरू तेथेच असतो.

आपले कर्तव्य

ट्रस्टच्या सभासदांपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. गुणवंतांना बक्षिसे देण्याची आपली प्रथा उत्तमच आहे. पण गुण हे एकट्याचे असतात, आणि यंत्र अनेकांचे असते. तेव्हा शाळेतील मुलामुलींना एकत्र बसून डाग देण्याची, मोजण्याची, चुकण्याची व चूक शोधण्याची एक लहानशी खोली मिळावी. एक टेबल, काही हत्यारे आणि आठवड्यातून दोन तास देणारा एखादा वडीलधारा कारागीर एवढे पुरे. तो रेडिओ दुरुस्त करणारा असला तरी चालेल. दुसरे, मुलींना त्या खोलीतून कोणी परत पाठवू नये.

आपल्या वडीलमंडळींनी ही संस्था उभारली, तेव्हा तिची फळे सर्वांनाच पाहावयास मिळाली नाहीत. तरीही हिशेबाच्या वह्या त्यांनी नीट लिहून ठेवल्या, म्हणून आज पुढचे पाऊल टाकता येते. उपग्रह करणाऱ्या मुलांना जे शिकावे लागते, ते याहून फारसे निराळे नाही.