शिवेवरचा मान आणि सातबाराचा कागद

पेरणी जवळ आली की धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या काही घरांत एक भीती डोके वर काढते. शिवेवरच्या देवीला कोंबडा दिला नाही, तर अतिक्रमणाची जमीन हातची जाईल काय? प्रश्न बहुधा म्हाताऱ्या माणसांचा असतो. त्यांना हसून चालणार नाही.

जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात कागद थोड्यांजवळच होता. गोंड-माडिया गावांत भूमीची पूजा भुमक करी आणि त्या निमित्ताने गावाची शीव सर्वांच्या ध्यानी राही. म्हणून पूजा म्हणजेच हक्क असे वाटू लागले. गोंड बांधवांच्या या रूढीची थट्टा करू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवरच.

पण आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात दीक्षा दिली. पंचशीलातले पहिले शील कोंबड्यालाही लागू आहे.

आता कायदा पाहा. २००६ चा वनहक्क कायदा दावेदाराचा धर्म विचारत नाही. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि जमीन त्या तारखेपूर्वीपासून ताब्यात असावी लागते. बहुतेक दावे या ७५ वर्षांपाशीच अडतात. पुरावा कशाचा? जुन्या सरकारी नोंदी, बांध, विहीर, वडिलधाऱ्यांचा लेखी जबाब, स्मशानभूमी आणि पूजास्थानसुद्धा! तेव्हा देवीचा ओटा पुजू नका. पण तो कोठे आहे, आजोबांची माती कोठे झाली, हे ग्रामसभेत सांगायला लाजू नका. पूजा सोडली म्हणजे साक्ष सोडली असे होत नाही. घरातले म्हातारे आहेत तोवर त्यांचा जबाब लिहून घ्या. एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक जोडावे लागतात.

सातबाराही शेवटचा शब्द नव्हे. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, इतकेच. म्हणून वारसाची नोंद वेळेवर करावी.

वनहक्काचा पट्टा वारसांना मिळतो, विकता येत नाही. तो नवराबायको दोघांच्या नावे निघतो; बायकोचे नाव आहे की नाही, हे कागद हाती येताच पाहावे. ग्रामसभेने दावा नाकारला, तर ठराव झाल्यापासून ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.