फळाविना फळाची चव : एका पेयाची परीक्षा
(द्वितीय वर्ष, कला)

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची आवक वाढली की हमालांच्या दुपारच्या चहाची जागा हल्ली एक लाल पेय घेते. वीस रुपयांची लहान बाटली असते. माझे वडील ती घेतात आणि अलीकडे आठवीतला धाकटा भाऊही क्रिकेट खेळून आला की तीच मागू लागला आहे. 'तरतरी येते' एवढेच दोघांचे म्हणणे. या पेयाची रीतसर परीक्षा घरीच करावी असे माझ्या मनात आले, तिची हकीकत प्रस्तुत लेखात देत आहे.

चव मोजण्याची एक सोपी मोजपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या अन्नसंशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. १ म्हणजे अत्यंत नावड, ९ म्हणजे अत्यंत आवड, आणि ५ म्हणजे दोन्ही नाही. सैनिकांना जेवण खरोखर आवडते की नाही, हे त्यांना पाहायचे होते. आम्ही तीच पट्टी घेतली. एका पेल्यात थंडगार पेय, दुसऱ्यात तेच, पण नाक धरून प्यायचे, आणि तिसऱ्यात रात्रभर उघडे ठेवून गॅस उडालेले, कोमट. परीक्षक दोन, अप्पा आणि अव्वा. दोघांच्याही डोळ्यांवर पंचा बांधला होता. (भावाला परीक्षकांत घेतले नाही, म्हणून तो रुसला.)

थंड पेयाला अप्पांनी ८ गुण दिले. 'कसले फळ?' म्हटल्यावर दोघांनी दोन फळे सांगितली, आणि बाटलीवर तिसरेच होते. नाक धरल्यावर तर फळ नाहीसेच झाले, उरले नुसते गोड-आंबट पाणी. नाक सोडताच फळ परत आले. आपल्या वैद्यकात मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले आहेत. त्यांत आंबा नाही, पेरू नाही. जीभ गोड-आंबट ओळखते, फळ ओळखते ते नाक, घशाच्या मागून वर चढणाऱ्या वासाने. हा वास रसायनशाळेत तयार करता येतो. आयसोअमाईल ॲसिटेट या एका द्रव्याने केळ्याचा भास होतो. त्यात रंगाची भर पडते. १९८० साली ड्युबोस, कार्डेलो व मॉलर यांनी फळांच्या स्वादाच्या पेयांचे रंग बदलून पाहिले, तेव्हा अनेकांनी चवीऐवजी रंगावरून फळाचे नाव सांगितले. आमच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेच होते की यात फळ नाही. मी ते वाचून दाखवले तेव्हा अव्वा म्हणाली, "मग हण्णु एल्लैती?" म्हणजे, फळ आहे कुठे?

खरी गंमत तिसऱ्या पेल्यात होती. कोमट पेय फार गोड लागले आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळला. अप्पांनी ३ गुण दिले, वर "औषध आहे हे" असा शेरा. थंडाव्याने गोडी कमी जाणवते, गॅस जिभेला टोचतो, आणि साखर, आम्ल व वास मिळून कडूपणा झाकतात. या कडूपणाचा मोठा धनी म्हणजे कॅफीन. दुकानदार बाटली बर्फात का ठेवतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

कॅफीन शक्ती देत नाही. दमल्याची खबर मेंदूला देणारे ॲडेनोसिन नावाचे द्रव्य असते, त्याची जागा कॅफीन अडवते. थकवा असतोच, कळत नाही इतकेच. शक्ती असते ती साखरेची. रेड बुलच्या २५० मि.ली.च्या डब्यात कॅफीन व सुमारे २७ ग्रॅम साखर असते. म्हणजे साखरेचे १०८ उष्मांक, जवळपास तेवढ्याच गुळाच्या खड्याइतके. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत १४० उष्मांक असतात, वर सहा ग्रॅम प्रथिने. रेड बुलचे मूळही थायलंडमधले. तेथे ते ट्रकचालक व मजूर पीत, १९८७ साली ऑस्ट्रियात ते श्रीमंती डब्यातून विकायला आले. आता त्याच्या जातीची स्वस्त पेये पुन्हा मजुरांकडे आली आहेत.

आपल्या कायद्याने अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मि.ग्रॅ. कॅफीन चालते, आणि लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांनी ते घेऊ नये, दिवसाला ५०० मि.ली.पेक्षा जास्त पिऊ नये, असे लेबलावर छापावे लागते. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकण्यास बंदी घालण्याची घोषणा २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या विधान परिषदेत झाली होती. लेबल मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याला पुरते. आमच्या बाटलीवरचे इंग्रजीत आहे. अप्पांना इंग्रजी येत नाही, अव्वाला तर कानडीच जवळची. बाटलीचा रंग आणि झळाळी दोघांनाही कळते, सूचना मात्र घरात कॉलेजात जाणारा कोणी असेल तरच कळते. आमच्या घरात असा मी पहिलाच.

सगळे वाचून दाखवल्यावर मी अप्पांना विचारले, आता गुण बदलायचे का? ते थोडा वेळ बाटली फिरवत बसले. म्हणाले, "चव तीच आहे की. आठच राहू दे." मग रिकामी बाटली माझ्या हाती देत म्हणाले, "हे धाकट्याला पण वाचून दाखव."