चाकांवरचे घर

घर म्हटले म्हणजे पाया, भिंती आणि छप्पर ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. जे जागचे हलत नाही ते घर, असा आपला समज असतो. परंतु अर्जेंटिना देशातील एका कुटुंबाचे घर 22 वर्षे चार चाकांवर फिरत होते. आणि ती चाकेही लाकडी आऱ्यांची!

हर्मन झॅप आणि कांदेलारिया झॅप हे ते दांपत्य. त्यांचा परिचय बालपणापासूनचा. लग्न होऊन सहा वर्षे झाली होती. दोघांनाही चांगल्या नोकऱ्या होत्या. ब्यूनस आयर्स ह्या राजधानीच्या शहरानजीक त्यांनी नवे घरही बांधले होते. लौकिक दृष्टीने त्यांना काही उणे नव्हते. पण जग पाहण्याची इच्छा त्यांना स्वस्थ बसू देईना. पाठीवर पिशव्या घेऊन अमेरिकेच्या पार उत्तरेकडील अलास्कापर्यंत जावे, असा बेत ते करीत होते. इतक्यात कोणी तरी त्यांना एक जुनी मोटार देऊ केली.

ती 1928 सालची ग्रॅहॅम-पेज जातीची गाडी होती. तिचे इंजिन बंद पडलेले होते. रंगाची पार दुर्दशा झाली होती. ज्या कारखान्यात ती तयार झाली, त्याने मोटारी बनविणे साठ वर्षांपूर्वीच सोडून दिले होते. व्यवहारी मनुष्याने अशा गाडीकडे ढुंकूनही पाहिले नसते. ह्या दोघांनी मात्र ती घेतली, दुरुस्त केली आणि 25 जानेवारी 2000 रोजी शहराच्या मध्यभागी असलेल्या उंच स्मारकस्तंभापासून प्रस्थान ठेवले. सहा महिन्यांत अलास्का गाठावयाचा, असा त्यांचा अंदाज होता.

मुलांनो, इतकी जुनी गाडी हाकणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. प्रथम तिच्या चाकांचाच विचार करा. आपल्याकडील बैलगाडीचे चाक तुम्ही पाहिले असेल. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, आरे खिळखिळे होतात आणि धाव सैल पडते. म्हणून शेतकरी ती चाके पाण्यात भिजत ठेवतो. मोटारीच्या चाकाला बाहेरून रबरी टायर असला, तरी आरे लाकडाचे असले की लाकडाचा धर्म सुटत नाही. कोरड्या प्रदेशात ते आकसणार, ओलसर प्रदेशात फुगणार. अशा गाडीच्या धन्याने रोज चाकांवरून हात फिरवून आरे घट्ट आहेत ना, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. इंजिन चालू असता तापते आणि चढावर तर फारच तापते. ते निववण्यासाठी त्याच्याभोवती पाणी खेळविलेले असते. समुद्रसपाटीवर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. पण उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्यामुळे ते लवकर उकळू लागते. 4,000 मीटर उंचीवर सुमारे 87 अंशांतच त्याला उकळी फुटते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे कित्येक रस्ते ह्याहूनही उंच जातात. अशा ठिकाणी जुन्या गाडीतील पाण्याची वाफ होऊन जाते. मग गाडी थांबवावी, इंजिन निवू द्यावे, नवे पाणी घालावे आणि पुन्हा निघावे. घाई करील तो वाटेतच अडकेल.

तिसरी अडचण सुट्या भागांची. कारखानाच नाही, तर भाग मिळणार कोठून? पण ह्याच अडचणीत ह्या गाडीचा एक गुणही दडलेला होता. आजच्या गाडीतील बिघाड पुष्कळदा दुसरे यंत्र जोडल्यावाचून कळत नाही. 1928 सालच्या गाडीचे बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात आणि हातांना लागतात. तिचे दुखणे गावचा लोहार किंवा सुतारही जाणू शकतो. मोडलेला भाग समोर ठेवला, तर कुशल कारागीर तसाच दुसरा घडवू शकतो. मात्र त्यासाठी अनोळखी माणसाच्या दारी जावे लागते आणि संकोच सोडून मदत मागावी लागते.

ह्या प्रवाशांवर खरी कसोटीची वेळ आली ती इक्वेडोर देशात. गाठीचा पैसा तेथे संपला. आता मागे फिरावे की पुढे जावे? परतले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु कांदेलारियाबाईंनी कुंचला हाती घेतला. त्या पक्ष्यांची चित्रे रंगवू लागल्या, हर्मन त्यांना चौकटी करू लागले, आणि ती चित्रे विकून पुढच्या वाटेची सोय होऊ लागली. पुढे अमेझॉनच्या खोऱ्यात रस्ता नव्हता, तेव्हा गाडी तराफ्यावर चढवून नदीतून न्यावी लागली! वाटेत 2002 साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यांना पहिला मुलगा झाला. सहा महिन्यांत गाठावयाचा अलास्का त्यांनी 2003 साली गाठला.

प्रवास येथे संपावयाचा. पण तो संपला नाही. पुढे मायदेशी अर्जेंटिनात, नंतर कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात त्यांना आणखी तीन अपत्ये झाली. माणसे वाढली, गाडी अपुरी पडू लागली. तेव्हा ती मधोमध कापून 40 सेंटिमीटरांनी लांब करण्यात आली. टपावर झोपण्यासाठी तंबू, आसनांखाली कपडे व शिधा, आणि इंजिनाच्या उष्णतेवर स्वयंपाक, असा त्यांचा संसार होता. मुलांचे पाठ आईच घेई. प्रवासावर लिहिलेले पुस्तक विकून खर्च भागविला जाई.

संकटे काही थोडी आली नाहीत. हर्मन ह्यांना हिवतापाने गाठले. कोठे युद्ध चालू असल्यामुळे वाट बदलावी लागली. 2020 साली करोनाच्या साथीने सीमा बंद केल्या, तेव्हा त्यांना ब्राझीलमध्ये अडकून पडावे लागले. अखेर 13 मार्च 2022 रोजी हे कुटुंब ज्या स्तंभापासून निघाले होते, त्याच स्तंभापाशी परत आले. 102 देश आणि सुमारे 3,62,000 किलोमीटर इतका त्यांचा प्रवास झाला होता. पृथ्वीचा परिघ सुमारे 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे ही जणू पृथ्वीला नऊ प्रदक्षिणाच झाली. एवढ्या काळात टायरांचे आठ संच बदलावे लागले आणि इंजिन दोनदाच पूर्णपणे उघडून दुरुस्त करावे लागले.

नव्या, वेगवान गाडीने हा प्रवास अधिक सुखाचा झाला असता, ह्यात शंका नाही. पण वेगाने जाणाऱ्या गाडीकडे लोक क्षणभर पाहतात आणि विसरून जातात. संथ चालणारी, रस्त्याच्या कडेला थांबलेली जुनी गाडी दिसली, की लोक आपण होऊन जवळ येतात आणि विचारपूस करतात. जगातील सुमारे 2,000 घरांनी ह्या कुटुंबाला आसरा दिला. त्या घरांची दारे उघडण्यास जुन्या गाडीची संथ चालही पुष्कळ उपयोगी पडली असली पाहिजे.

असे जीवन सर्वांनी पत्करावे असे नव्हे. ह्या मुलांना रोजची शाळा आणि कायमचे शेजारी लाभले नाहीत, ही उणीवही लहान नाही. परंतु एक गोष्ट आपण त्यांच्यापासून अवश्य घ्यावी. वस्तू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे ती निकामी होते. जी रोज तपासली जाते, वेळीच दुरुस्त केली जाते आणि जिच्या शक्तीबाहेर तिच्याकडून काम घेतले जात नाही, ती वस्तू आपल्याला फार दूरवर नेते.

स्वाध्याय

1. झॅप दांपत्याने घेतलेल्या गाडीचे तीन-चार वाक्यांत वर्णन करा.
2. कारणे द्या : (अ) उंच डोंगरावर जुन्या गाडीतील पाणी लवकर उकळते. (आ) शेतकरी बैलगाडीची चाके भिजत ठेवतो.
3. इक्वेडोरमध्ये कोणते संकट आले? त्यातून मार्ग कसा निघाला?
4. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : ढुंकूनही न पाहणे, प्रस्थान ठेवणे, स्वस्थ बसू न देणे.
5. तुमच्या घरी पुष्कळ वर्षे वापरात असलेली एखादी वस्तू पाहा. तिची निगा कोण व कशी राखते, ते विचारून दहा ओळी लिहा.