कडबा शेकड्याने नको, वजनाने घ्या

ज्वारीची काढणी-मळणी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार पट्ट्यात कडब्याचे सौदे सुरू होतात. ज्यांच्या घरची गंज पावसाळ्यापर्यंत पुरणार नाही, त्यांनी याच दिवसांत खरेदी उरकावी. एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, हिरवा चारा संपतो, भाव चढतो आणि घासाघीस करायला जागा उरत नाही.

कडबा महागण्यामागे नुसते ऊन नाही. सोयाबीन, कापूस आणि हरभऱ्याने ज्वारीचे रान घेतले. सोयाबीनच्या गुळीला कडब्याची सर नाही. त्यातून परतीच्या पावसाने दगा दिला की मालदांडी ज्वारीचे ताट खुरटते आणि पेंढी बारीक भरते. भाव मात्र शेकड्यावरच ठरतो, आणि फसगत होते ती इथे. समजा, शेकडा 2000 रुपयांना ठरला. पेंढी दोन किलोची असेल तर कडबा 10 रुपये किलो पडला. सव्वा किलोची असेल तर 16 रुपये. म्हणून गंजीतल्या वरच्या, मधल्या, खालच्या मिळून दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि मगच बोली करा. काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दावणीचा हिशेबही किलोतच करावा. एका मोठ्या जनावराला रोज सहा किलो कडबा धरला तर मार्च ते जून या चार महिन्यांत सव्वासात क्विंटलच्या आसपास लागतो. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला ओढते आणि धांडे तुडवते. कुट्टी करून गव्हाणीत घातली तर ही नासाडी बरीच वाचते. भाड्याने कुट्टी करून घेणेही परवडते.

गव्हाच्या भुसकटावर युरियाची प्रक्रिया करता येते: 100 किलोला 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, 21 दिवस हवाबंद. उघडल्यावर वास उडू द्या, थोड्यापासून सुरुवात करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नका, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाजवळही जाऊ देऊ नका.

माजलगाव, गेवराईकडे उसाचे वाढे मिळते. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे शरीरातले कॅल्शियम घटते, म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. कडबा मिसळावा, चुन्याची निवळी शिंपडावी, खनिज मिश्रण द्यावे. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी तर अजिबात चारू नका. तिच्यातल्या विषाने किराळ लागते आणि जनावर तासाभरात दगावू शकते. पाण्याची खात्री असेल तरच आफ्रिकन टॉल मका पेरावा, एकरी 30 किलो बियाणे; दाणे चिकात असताना कापून मुरघास करावा.

चारा छावणीच्या भरवशावर राहू नका. 2019 मध्ये मोठ्या जनावरामागे रोज 90 आणि मे महिन्यात 100 रुपये अनुदान मिळाले, पण छावणी उघडते ती टंचाई अंगावर आल्यावर. शिवाय आपला तालुका दुष्काळी ठरेलच असे नाही: 31 ऑक्टोबर 2023 च्या दुष्काळ यादीत जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते. मुरघास किंवा युरिया प्रक्रिया पहिल्यांदा करणाऱ्यांनी खामगाव किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारून घ्यावे.