शितावरून भाताची परीक्षा, पण शितं किती?

मेसमधले महाराज दोन शितं दाबून भात शिजला की नाही ते सांगतात. पातेलं शंभर जणांचं असो की तीनशे, शितं दोनच! पण कारखान्यात प्रोजेक्ट करणाऱ्या मित्राला विचारा, बाहेरून आलेले पार्ट किती तपासतात? बहुतेक वेळा उत्तर येतं, "दहा टक्के." का, ते मात्र कुणी सांगत नाही.

सॅपमध्ये हे बसवणं फारच सोपं. मटेरियल मास्टरमध्ये इन्स्पेक्शन सेटअप उघडायचं, खरेदीच्या आवकेसाठी असलेला ०१ हा इन्स्पेक्शन टाइप चालू करायचा, टक्केवारीच्या रकान्यात १० टाकायचे. झालं काम! घोळ इथेच होतो.

समजा ५० बुशांचा लॉट आला, त्यात ५ खराब. दहा टक्के म्हणून ५ नग काढले. एकही खराब निघाला तर लॉट परत. तरीसुद्धा पाचही चांगले निघून लॉट पास होण्याची शक्यता जवळपास ५८ टक्के आहे! आता १००० चा लॉट घ्या, त्यात खराब फक्त १०. तपासले १००, नियम तोच. हा बरा माल परत जाण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. (कॉम्बिनेशनचं सूत्र लावून पडताळून पाहा, गणिताचा पेपर कुठेतरी कामी येईल.) म्हणजे वाईट लॉट आत आणि चांगला बाहेर. तोही पुन्हा सप्लायरच्या खर्चाने, आणि लाइन थांबते ती वेगळीच.

कारण भरवसा टक्केवारीवर नसतो, मुख्यतः किती नग पाहिले त्या संख्येवर असतो. महाराजांचं इथवर बरोबरच आहे. फक्त भात ढवळलेला असतो, क्रेटमधले पार्ट नसतात. त्यामुळे वरच्या थरातलेच नग उचलले तर कुठलाच तक्ता उपयोगाचा नाही.

तक्ते तयार आहेत. अमेरिकन लष्कराचं मिल-एसटीडी-१०५ हे १९५० चं, १९९५ मध्ये रद्द झालं; त्याच घराण्यातलं आयएसओ २८५९-१ आणि आपलं आयएस २५०० वापरात आहे. सर्वसाधारण पातळी २, एक्यूएल १.० घेतलं तर १००० च्या लॉटला ८० नग, २ खराब चालतील, ३ निघाले की परत. एक टक्का खराब असलेला लॉट यात ९५ टक्के वेळा पास होतो, दहा टक्के खराब असलेला जेमतेम १ टक्का वेळा. ५० च्या लॉटला हाच तक्ता १३ नग काढायला लावतो, ५ नाही.

सॅपमध्ये हा तक्ता सॅम्पलिंग स्कीम म्हणून भरतात, तो सॅम्पलिंग प्रोसीजरला जोडतात आणि ती प्रोसीजर तपासणी योजनेतल्या प्रत्येक गुणधर्माला लावतात. बोअरच्या मापाला एक, रंगाला दुसरी. पार्ट तोडूनच करायची चाचणी असेल तर एस-१ ते एस-४ या खास पातळ्या आहेत, नाहीतर तपासणीतच माल संपायचा! सलग ५ किंवा त्याहून कमी लॉटमध्ये २ परत गेले की तपासणी कडक करायची, हे डायनॅमिक मॉडिफिकेशन रूलवर सोपवता येतं.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. बोल्टचं मूळ एकक किलो ठेवलं असेल, तर १२ किलोची आवक तक्त्याच्या दृष्टीने फक्त १२ असते, बोल्ट हजारभर असले तरी. तेव्हा तक्ता भरण्याआधी एककाचा रकाना बघा. स्टोअरवाल्यांशी बोलून घ्या.